गाळलेली तीन प्रकरणे

हॅना व्हिटल स्मिथ या अमेरिकन लेखिकेचे आत्मचरित्र १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. 'द अनसेल्फिशनेस ऑफ गॉड' हे त्याचे नाव; देव स्वार्थी नाही हे आपल्याला कसे उमगले, याची ती हकिगत आहे. पुढच्या काळात या पुस्तकाची जी पुनर्मुद्रणे निघाली, त्यांतल्या अनेकांत मूळची तीन प्रकरणे सापडत नाहीत. ती कंटाळवाणी होती किंवा पाने वाढत होती, असे काही नव्हते. कोणताही माणूस कायमचा नरकात राहणार नाही, अखेरीस देव सर्वांचेच तारण करील, या श्रद्धेपर्यंत आपण कसे पोचलो हे हॅनाबाईंनी ज्या पानांत सांगितले आहे, नेमकी तीच पाने या आवृत्त्यांना नकोशी झाली. बाकीचे पुस्तक, फिलाडेल्फियात क्वेकर या मूक उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेलेल्या बालपणाच्या आठवणींसकट, त्यांच्याच नावावर विकले गेले.

दिवंगत धार्मिक लेखकाचे पुस्तक आपल्या पंथाच्या मापात बसवून छापण्याचा अधिकार प्रकाशकाला आहे का, हा प्रश्न केवळ ग्रंथप्रेमींचा नाही. भक्तिपर पुस्तके माणसे आजारपणात, मृत्यूच्या घरात, रात्री झोप येत नसताना वाचतात आणि त्यांच्या आधारावर आयुष्याचे निर्णय घेतात. अशा पुस्तकातून काय काढून टाकले आहे हे वाचकाला कळलेच पाहिजे. हॅनाबाईंच्या बाबतीत तर मला आणखी पुढे जाऊन असे म्हणायचे आहे की जे काढले गेले, त्यावरच बाकीचे सगळे उभे होते.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३२ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील जॉन व्हिटल काचेच्या व्यवसायातले बडे कारखानदार होते आणि घर क्वेकर पंथाचे होते. १८५१ मध्ये रॉबर्ट पिअर्सल स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सात अपत्यांपैकी मेरी, लोगन आणि अ‍ॅलिस ही तिघेच मोठी झाली. पहिली मुलगी नेली १८५७ मध्ये पाच वर्षांची असताना गेली. क्वेकरांच्या शांत उपासनेत मन रमेना, म्हणून हॅनाबाई त्यांच्यापासून दूर झाल्या आणि प्लिमथ ब्रदरन या कडव्या मंडळींच्या शिकवणीकडे वळल्या. तिथे बायबलचा काटेकोर अभ्यास त्यांना मिळाला, आणि त्याबरोबरच निवडलेल्या थोड्यांचे तारण व उरलेल्यांना सार्वकालिक शिक्षा हा सिद्धान्तही मिळाला. पुढे नवऱ्याच्या कामामुळे न्यू जर्सीतल्या मिलव्हिल या काचकारखान्यांच्या गावी राहत असताना मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडून त्यांना पवित्र जीवनाची, म्हणजे स्वतःला पूर्णपणे देवाच्या हाती सोपवून जगण्याची, शिकवण कळली. फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरातली, वाचनाने आणि वादविवादाने तयार झालेली ही स्त्री कपडे शिवणाऱ्या बाईपुढे शिष्या म्हणून बसली आणि तिचे ऋण तिने पुढे छापून कबूल केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गाळलेल्या पानांतला मध्यवर्ती प्रसंग फिलाडेल्फियाच्या मार्केट स्ट्रीटवरून जाणाऱ्या ट्रामगाडीत घडतो. त्या काळात अनोळखी माणसांचे चेहरे पाहणेही हॅनाबाईंना असह्य झाले होते, कारण प्रत्येक चेहऱ्यावर त्यांना पापाने आणि दुःखाने केलेली नासधूस दिसे. ट्राममध्ये दोन पुरुष समोर येऊन बसले. तोंडावरच्या जाळीच्या बुरख्यातून ते अंधुकच दिसत होते आणि तेवढे बरे, असे हॅनाबाईंना वाटत होते. इतक्यात कंडक्टर भाडे मागायला आला. नाणी मोजून देण्यासाठी बुरखा वर करावा लागला, आणि त्या दोघांचे चेहरे लख्ख समोर आले. तेव्हा त्यांच्या मनात देवाशी उघड भांडण सुरू झाले: तू हे टाळू शकत होतास आणि टाळले नाहीस, मग हे सहन कसे करतोस? उत्तर म्हणून त्यांना बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातले वचन आठवले, की आपल्या जिवाच्या कष्टांचे फळ पाहून तो तृप्त होईल. त्यावरही त्या गप्प बसल्या नाहीत. यांतला एकजण जरी कायमचा नष्ट व्हायचा असेल, तर निर्माणकर्ता तृप्त होईलच कसा? मी त्याच्या जागी असते तर झाले नसते! आणि इथेच त्यांना उलगडा झाला की तो खरोखर तृप्त होणार असेल, तर एकही जीव मागे राहता कामा नये. घरी जाऊन त्यांनी बायबल नव्याने उघडले आणि पूर्वी दिसले नव्हते ते जागोजाग दिसू लागले.

या अनुभवाला त्यांनी दिलेली जोड धर्मशास्त्री देऊ शकले नसते. आईला आपल्या बिघडलेल्या मुलाचा कायमचा त्याग करता येत नाही; मग आईच्या काळजात हे प्रेम ज्याने घातले, त्याचे काळीज तिच्याहून लहान कसे असेल? या युक्तिवादाला तर्कशास्त्राच्या तराजूत घालून कोणी त्यातली फट दाखवील, आणि ती दाखवता येतेच. माणसाच्या स्वातंत्र्याचे काय, न्यायाचे काय, हे आक्षेप जुनेच आहेत आणि ते हलके नाहीत. मी स्वतः या श्रद्धेचा वकील म्हणून लिहीत नाही. पण ज्या बाईने मुलांना मूठमाती दिली होती तिने हा युक्तिवाद केला आहे, आणि तिच्या बाकीच्या लिखाणाचा अर्थ या युक्तिवादाशिवाय लागत नाही.

हॅनाबाईंचे जे पुस्तक लाखांनी खपले आणि अजूनही खपते, ते १८७५ चे 'द ख्रिश्चन्स सीक्रेट ऑफ अ हॅपी लाइफ'. त्याच्या आरंभी एक अविश्वासी गृहस्थ त्यांना सुनावतो की तुम्हा ख्रिस्ती लोकांचा धर्म डोकेदुखीसारखा दिसतो. डोके काढून टाकायचे नसते, पण ते ठेवण्याचा त्रास मात्र होतो. या टोमण्याचे उत्तर म्हणजे ते पुस्तक. त्यातली शिकवण अशी की धर्मजीवन भावनांच्या चढउतारावर चालत नाही, ते इच्छाशक्तीच्या निर्णयावर चालते. एकदा स्वतःला देवाच्या हाती सोपवले की आज उत्साह वाटतो की नाही, याची नाडी तपासत बसू नये. आणि जे जे वाट्याला येते ते कोणत्याही हाताने आले तरी त्याच्या परवानगीनेच येते, असे धरून चालावे. आपण धर्मशास्त्राच्या शाळांत शिकलेलो नाही आणि हा धर्मशास्त्राचा ग्रंथ नाही, हेही त्यांनी आधीच सांगून टाकले आहे.

आता ही शिकवण उलटून पाहावी. संपूर्णपणे हाती सोपवून निश्चिंत व्हा, असे ज्याच्याविषयी सांगायचे, त्याच्या सद्भावाविषयी तिळमात्र शंका उरून चालत नाही. जो देव माझ्या शेजाऱ्याला अनंतकाळ यातनांत ठेवू शकतो, त्याच्या हाती मी निर्धास्तपणे झोपावे, हे सांगणे सोपे आणि करणे अवघड. हॅनाबाईंना ते जमेना आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. ट्राममधल्या त्या दिवसानंतरच विसावा त्यांच्या आवाक्यात आला. म्हणून पुनर्मुद्रणाच्या संपादकाने तीन प्रकरणे कापली तेव्हा त्याने एक पाखंडी मत दूर केले एवढेच घडले नाही; निश्चिंत होण्याचा सल्ला त्याने ठेवला आणि त्याचे कारण काढून घेतले. मग दुःखात पडलेला वाचक ते पुस्तक हाती घेतो, सांगितल्याप्रमाणे निश्चिंत होऊ पाहतो, जमत नाही, आणि दोष स्वतःच्या श्रद्धेला देतो. लेखिकेलाही एकेकाळी हे जमत नव्हते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

प्रकाशकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती निव्वळ लबाडीची नाही. एखाद्या पंथाची प्रकाशनसंस्था आपल्या सभासदांच्या पैशांवर चालते, आणि तिच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून पालक मुलांच्या हाती पुस्तक देतात. त्या संस्थेने स्वतःला चुकीची वाटणारी शिकवण छापलीच पाहिजे, असे कोणी म्हणू शकत नाही. शिवाय १८७५ च्या पुस्तकात हॅनाबाईंनी हे मत स्वतःच आणले नव्हते. इंग्लंडमध्ये त्यांच्या श्रद्धेविषयी कुजबुज होत असताना त्या व्यासपीठांवरून पवित्र जीवनाविषयीच बोलत राहिल्या. मग त्यांनीच जो संयम पाळला, तो आम्ही पाळला तर बिघडले कुठे, असे प्रकाशक विचारू शकतो.

याला माझे उत्तर असे की संयम पाळायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क बोलणाऱ्याचा असतो. १८७५ मध्ये त्यांनी एक ठरवले, १९०३ मध्ये दुसरे ठरवले. सत्तरी ओलांडल्यावर, नवरा वारल्यावर, कोणत्याही व्यासपीठाची गरज उरली नसताना त्यांनी ही प्रकरणे लिहिली आणि पुस्तकाचे नावही त्याच शोधावरून ठेवले. ज्या शोधावरून पुस्तकाचे नाव आले तोच शोध आतून गायब करायचा आणि नाव तसेच ठेवायचे, हा प्रकार संक्षेप या सदरात बसत नाही. ज्या संस्थेला ते छापायचे नसेल तिने पुस्तकच छापू नये, किंवा 'संपादित आवृत्ती. अमुक प्रकरणे वगळली आहेत' असे मुखपृष्ठामागच्या पानावर ठळकपणे लिहावे. एका ओळीचे काम आहे.

काटछाटीची सवय मात्र पुनर्मुद्रणांपासून सुरू झालेली नाही. ती त्यांच्या हयातीतच, त्यांच्या संसाराच्या बाबतीत सुरू झाली होती. १८७४ मध्ये ऑक्सफर्डला आणि १८७५ च्या मे-जून महिन्यांत ब्रायटनला झालेल्या मोठ्या धर्मपरिषदांत रॉबर्ट स्मिथ हे प्रमुख वक्ते होते, आणि हॅनाबाईंच्या व्याख्यानांना तर लोक त्यांच्याहूनही अधिक गर्दी करत. ब्रायटन आटोपते न आटोपते तोच एका तरुण स्त्रीला एकांतात दिलेल्या आध्यात्मिक उपदेशावरून रॉबर्ट यांच्याविषयी बोलवा उठली. आयोजकांनी त्यांना तातडीने व्यासपीठावरून दूर केले, बाहेर प्रकृतीचे कारण सांगितले गेले आणि कुटुंब अमेरिकेला परतले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या उत्तरेकडे केझिक येथे पवित्र जीवनाच्या याच चळवळीची परिषद भरली आणि ती पुढे दरवर्षी भरत राहिली. ज्यांच्या अध्यक्षतेखाली ती व्हायची होती ते रॉबर्ट स्मिथ मात्र तिथे नव्हते. म्हणजे सुखी जीवनाचे रहस्य सांगणारे पुस्तक ज्या वर्षी निघाले, त्याच वर्षी त्या घराची अब्रू दोन खंडांत चघळली जात होती. तीन वर्षांपूर्वीच, १८७२ मध्ये, अठरा वर्षांचा मुलगा फ्रँक विषमज्वराने गेला होता.

हे सारे लपवून ठेवले की पुस्तक कोणा सुखवस्तू, समाधानी बाईने दुपारच्या निवांत वेळी लिहिल्यासारखे वाटू लागते. हे सारे समोर ठेवले की त्याच पुस्तकातल्या एका प्रकरणाला वजन येते. देवाची इच्छा ओळखायची कशी, या प्रश्नाला हॅनाबाई तिथे चार साक्षी सांगतात: शास्त्रवचन, परिस्थितीचा कल, आपली विवेकबुद्धी आणि अंतःकरणातली प्रेरणा. चौघांची साक्ष जुळली पाहिजे. केवळ आतून आवाज आला म्हणून निघू नये. अंतःप्रेरणेच्या नावाखाली भल्या माणसांनी काय काय केले, हे त्यांनी जवळून पाहिले होते. पवित्र आत्म्याचा अनुभव शरीराच्या रोमांचात शोधणारी शिकवण त्यांच्या घरातही शिरली होती. अशा मंडळींविषयी त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १९२८ मध्ये, नात रे स्ट्रेची यांनी प्रसिद्ध केली. ती वाचल्यावर त्या चार साक्षींकडे पोथीतला नियम म्हणून पाहता येत नाही. बाबा-बुवांच्या 'आदेशां'वरून घरेदारे सोडणाऱ्यांच्या बातम्या आपल्याकडेही काही कमी नाहीत, आणि त्या दृष्टीने ते प्रकरण आजही वाचण्यासारखे आहे, वाचणारा कोणत्या का धर्माचा असेना.

काटछाट केवळ भाविकांनीच केली असे मात्र नाही. १८८८ मध्ये स्मिथ कुटुंब इंग्लंडला स्थायिक झाले. अ‍ॅलिसचा विवाह १८९४ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्याशी झाला. मेरी पहिला नवरा सोडून कलासमीक्षक बर्नर्ड बेरेन्सन यांच्याकडे गेली आणि तिच्या दोन मुलींना आजीने वाढवले. लोगन इंग्रजी गद्याचा नामांकित कारागीर झाला. या बुद्धिमंतांच्या वर्तुळातून पुढे जी आठवणींची आणि चरित्रांची पुस्तके आली, त्यांत हॅनाबाई अनेकदा एक हुकमी, पुरुषद्वेष्टी, विनोदी म्हातारी म्हणून वावरतात. त्यांचा धर्म या मंडळींना घरातल्या जुन्या पेटाऱ्यासारखा वाटे: हलवायला जड आणि पाहुण्यांना दाखवायला मजेशीर. लोगनने आईची पत्रे संपादित केली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये, छापली गेली, हे त्याचे मोठे उपकारच. त्या पत्रांतली बाई तल्लख आहे, नवऱ्यांविषयी तिरकस आहे, नातवंडांवर जीव टाकणारी आहे. पण तिने ज्या प्रश्नाशी आयुष्यभर झुंज घेतली, तो प्रश्नच ज्यांना शिळा वाटतो, त्यांच्या हातून तिचे चरित्र अर्धेच होते. भाविक प्रकाशकाने बंडखोर काढली आणि भक्त ठेवली. या मंडळींनी भक्त काढली आणि बंडखोर ठेवली. दोन्हींत मला दुसरी चूक अधिक क्षम्य वाटते, कारण त्यांनी निदान कागदपत्रे जपली.

बंडखोरीही काही किरकोळ नव्हती. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यनिषेध संघाच्या त्या आरंभापासूनच्या पुढारी होत्या. संघाच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांनी १८८९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची प्रस्तावना हॅनाबाईंनी लिहिली. स्त्रियांना मताधिकार हवा, मुलींना उच्च शिक्षण हवे, या बाजूने त्या ठामपणे उभ्या होत्या, आणि त्यांची भाची केरी थॉमस पुढे ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयाची अध्यक्षा झाली. आईच्या प्रेमावरून देवाच्या प्रेमाचे अनुमान काढणारी ही लेखिका आईला मत देण्याचा अधिकार नाकारणाऱ्या समाजाशीही भांडत होती. दोन्ही ठिकाणी तिचा मुद्दा एकच होता, की मातृत्वाला देव्हाऱ्यात बसवून त्याचे म्हणणे मात्र ऐकायचे नाही, हे चालणार नाही.

याच अमेरिकन स्त्रीसंघटनांचे दर्शन पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात घेतले, विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेवर लिहिलेल्या मराठी ग्रंथात त्यांनी या संघटनांविषयी विस्ताराने लिहिले. पुढे १८९८ मध्ये रमाबाई केझिकच्या परिषदेलाही गेल्या होत्या. म्हणजे स्मिथ दांपत्याच्या श्रमांतून जी चळवळ उभी राहिली, तिचा ओघ केडगावच्या मुक्तिसदनापर्यंत येऊन पोचला होता. आणि रमाबाईंच्या बाबतीतही हीच काटछाट झाली. धर्मांतरामुळे दुखावलेल्यांनी त्यांची विद्वत्ता आणि समाजकार्य विसरायला लावले, तर पुष्कळ ख्रिस्ती चरित्रकारांनी इंग्लंडमध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी घातलेला वाद शक्यतो सौम्य करून सांगितला. तो वाद किती धारदार होता हे सर्वसामान्य वाचकाला कळले ते इंग्लंडमधल्या ख्रिस्ती जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याबरोबरचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापल्यानंतर. ज्यांनी त्यांना आश्रय दिला होता, बाप्तिस्मा दिला होता, त्यांनाच रमाबाई विचारतात की माझ्या सदसद्विवेकाचे दार तुमच्या हाती का द्यावे. ही पत्रे वाचून त्यांची श्रद्धा कोणाला कमी वाटली असेल, असे मला वाटत नाही. जेराल्डिन यांचे मोठेपण असे की ज्या पत्रांत आपण वादात हरताना दिसतो तीही त्यांनी जपून, संकलित करून ठेवली.

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले सत्तावन्नावे कलम लेखकाच्या कृतीची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध आणणाऱ्याविरुद्ध दाद मागू देते. अमेरिकेत अशा पुस्तकांना कायद्याचे तसे संरक्षण नाही, आणि १९०३ चे हे पुस्तक तिथे केव्हाच सार्वजनिक मालकीचे झाले आहे. कोणीही छापावे, कोणीही कापावे. म्हणून जबाबदारी येते ती छापणाऱ्याच्या सचोटीवर आणि विकत घेणाऱ्याच्या चौकसपणावर. ज्यांना हॅनाबाईंचे आत्मचरित्र वाचायचे असेल त्यांनी विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडावी आणि सर्वांच्या पुनःस्थापनेविषयीचे प्रकरण आहे की नाही ते पाहावे. नसेल, तर ती प्रत दुकानदाराला परत करावी आणि कारणही सांगावे.